दाबलेलं बटण

दगडखाणीत सगळे त्यांना हळूभाऊ म्हणायचे. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण का ठेवलं ते विचारायची गरज पडत नसे. खाणीच्या तळातून भरलेला डंपर वर क्रशरपर्यंत चढवायचा म्हटलं की बाकीचे ड्रायव्हर पाय दाबून, गाणी म्हणत सुसाट निघायचे. हळूभाऊ पहिल्या गिअरमध्ये, एक डोळा आरशात ठेवून, तोंडानं "चल बाई, चल, कुणी मागं लागलेलं नाही" असं पुटपुटत चढायचे. मागं मात्र कुणीतरी लागलेलं असायचंच, आणि ते हॉर्न बडवून बडवून थकायचं.

"भाऊ, दगड वाहताय की अंडी?" एखादा ओरडायचा.

हळूभाऊ खिडकीतून मान बाहेर काढून सांगायचे, "दगडच. म्हणून तर. अंडी अंगावर पडली तर माणूस मरत नाही."

इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीवर ओरखडा उठला नव्हता. त्यामुळे अपघात त्यांनाच झाला म्हटल्यावर आधी कुणाला खरं वाटेना. मग कारण कळलं, आणि ते ऐकून काही जणांना आतल्या आत जरा बरंही वाटलं. एवढा काळजीवाला माणूस, पण वेळेला विसरलाच की!

झालं होतं असं. धूळ उडू नये म्हणून चढणीच्या रस्त्यावर टँकरनं पाणी मारायची पद्धत होती. त्या दिवशी टँकरवाल्यानं डाव्या कडेला हात सैल सोडून पाणी मारलं होतं. हळूभाऊंचा डंपर अर्ध्या चढणीवर आला आणि मागचं डावं चाक चिखलात जागच्या जागी फिरायला लागलं. उजवं कोरड्या दगडावर होतं, पण ते हलेना. मागच्या दोन चाकांच्या मधे गिअरांचा एक जुडगा असतो, डिफरन्शियल म्हणतात त्याला. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं आणि आतल्याला कमी, म्हणून तो जुडगा दोघांना आपापल्या चालीनं फिरू देतो. सपाट रस्त्यावर ही सोय आहे. चिखलात तीच मुळावर येते, कारण जे चाक फुकट फिरतंय त्यालाच तो सगळी ताकद देऊन बसतो. तेवढ्यासाठी ड्रायव्हरच्या पुढ्यात एक बटण असतं. ते दाबलं की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. एक फिरलं तर दुसऱ्याला फिरावंच लागतं. याला लॉक करणं म्हणतात.

त्या दिवशी लॉक लागलं नाही. डंपर थांबला, मग मागं घसरायला लागला, ब्रेक दाबून धरला तरी घसरतच राहिला आणि कडेचा मातीचा बांध फोडून कुशीवर पडला. केबिन चेपली. पेडलच्या खाली हळूभाऊंचा उजवा पाय अडकला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गुडघ्याखाली वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यांना बाहेर काढलं ते त्यांच्या मेहुण्यानं. बायकोचा हा धाकटा भाऊ त्याच खाणीत डंपर भरणारा लोडर चालवायचा. सगळ्यांच्या आधी तोच धावला, पत्रा वाकवताना स्वतःचे हात फाडून घेतले, भाऊजींना मांडीवर घेऊन दवाखान्यापर्यंत बसला. आणि चौकशी झाली तेव्हा त्यानंच सांगितलं, "लॉक चांगलं होतं साहेब. आदल्या दिवशी मी स्वतः बघितलंय. भाऊजी दाबायला विसरले असतील."

सख्ख्या मेहुण्यानं असं म्हटल्यावर कोण कशाला शंका घेतंय? चूक ड्रायव्हरची ठरली. मालकाकडं काही मागायचा प्रश्नच मिटला. तरी मालकानं माणुसकी म्हणून दवाखान्याचं भागवलं आणि मुलाला वजनकाट्यावर चिकटवून घेतलं. मुलगा तेव्हा शिक्षण संपवून रिकामा फिरत होता.

हळूभाऊ गुंगीत होते. शुद्धीवर आल्यावर एकदा म्हणाले होते, "अगं, मी दाबलं होतं."

बायको कपडा पिळून त्यांचा गळा पुसत होती. म्हणाली, "असू दे आता. दमला होतात तुम्ही. माणूस आहे, विसरतं."

पुढचे काही दिवस त्यांनी हे दोन-तीनदा म्हणून बघितलं. प्रत्येक वेळी कुणीतरी मायेनं हात धरून "असू दे" म्हणालं. मग त्यांनी म्हणायचं सोडलं, आणि हळूहळू तसं वाटायचंही सोडलं.

ते घरी आले ते वेगळे होऊन आले. पाय गेल्याचं त्यांनी पचवलं. नवा पाय बसवला, पट्टे आवळायला शिकले, काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायला लागले. पण आपण विसरतो ही गोष्ट त्यांच्या हाडात जाऊन बसली. कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ओढून बघायचे. नळ बंद केला की खाली हात धरून उभे राहायचे. लायसन्सची मुदत संपली तेव्हा नवं करायला गेलेच नाहीत. शेजारच्या हार्डवेअरवाल्यानं आपण होऊन विचारलं होतं, "भाऊ, दुपारी माझ्या दुकानात बसाल का? नटबोल्टमधलं तुमच्याइतकं कुणाला कळतंय?" हळूभाऊ हसून म्हणाले, "नको रे बाबा. एखाद्या दिवशी शटर उघडं टाकून घरी येईन."

दुपारचा चहा तेवढा ते स्वतः करायचे. चहा गाळून, गॅसचं बटण फिरवून कप घेऊन बाहेर आले की बायको उठायची, आत जायची आणि ते बटण पुन्हा एकदा फिरवून यायची. बोलायची काही नाही. रोज जायची. हळूभाऊंना त्यात वावगं वाटत नसे. उलट बरं वाटायचं, की आपल्यामागं कुणीतरी बघणारं आहे.

अशी काही वर्षं गेली. मेहुणा मध्यंतरी मुकादम झाला, पोट सुटलं, दर रविवारी सकाळी बहिणीकडं चहाला यायला लागला. मुलगा काट्यावर रुळला. हळूभाऊ मागच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि शेजाऱ्याच्या कोंबड्या बघायचे.

एका संध्याकाळी मुलगा मोठा खोका घेऊन आला. कामावरच्या कुणाचा तरी शौक संपला होता, त्याची रिमोटवर चालणारी गाडी त्यानं उचलली होती. हातभर लांब, जाड मऊ टायरांची, खऱ्या जीपची नक्कल. चाकं इतकी लवचिक की एक वर आणि एक खाली असलं तरी अंग तोल धरून राहायचं.

"बाबा, ही पळत नाही," मुलगा म्हणाला. "दगडांवर चढायची गाडी आहे. क्रॉलर म्हणतात. तुमच्यासारखीच आहे, घाई नाही."

हळूभाऊ हसले. रिमोट हातात घेतला. पिस्तुलासारखा चाप, बाजूला छोटं चाक, आणि अंगठ्याखाली एक लाल बटण.

"हे काय?"

मुलगा उत्साहात होता. "डिफरन्शियल लॉक! खऱ्या गाडीत असतं ना, तस्संच..." आणि तिथंच गप्प झाला. कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकोचा हात थांबला.

"अरे वा," हळूभाऊ म्हणाले. "खेळण्यात पण देतात म्हणजे." आणि त्यांनी विषय बदलला.

गाडीनं त्यांना लळा लावला. मागच्या अंगणात, धुणं वाळत घालायच्या तारेखाली, त्यांनी दगड रचायला घेतले. मुलगा काट्यावरून येताना दोन-चार घेऊन यायचा, आणि कुठला आडवा ठेवायचा, कुठला अंगावर येईल असा, हे हळूभाऊ काठीनं दाखवायचे. दगड त्यांना कळत होते. बघता बघता तिथं छोटी खाणच उभी राहिली, कडे, खाचा, निसरडी फरशी, सगळं. गाडी एकेक इंच चढायची. शेजारचे कुंपणावर हात टेकून बघायला यायचे. "भाऊ, वर पोचली की हाक मारा, तोवर आम्ही जेवून येतो." हळूभाऊ मान न वळवता म्हणायचे, "सावकाश जेवा."

घरात हसणं परत आलं, असं मुलगा आईला म्हणाला. आई हो म्हणाली.

मग हळूभाऊंच्या एक गोष्ट लक्षात आली. गाडी चढणीच्या पायथ्याशी आली की त्यांचा अंगठा लाल बटणावर गेलेला असायचा. त्यांनी पाठवलेला नसायचा, तो आपणच जाऊन बसलेला असायचा. सपाटीला आली की तितक्याच निमूटपणे उठायचा, कारण लॉक ठेवून वळायला गेलं की टायर खरडतात आणि आतल्या गिअरांवर ताण येतो. त्यांनी गंमत म्हणून ठरवून बघितलं, की आता नाही दाबायचं. नाही जमलं. मुद्दाम शेजाऱ्याशी बोलत, दुसरीकडं लक्ष ठेवून गाडी चढवली. तरी अंगठा वेळेवर हजर होता.

ही सवय काही महिन्यांची नव्हती. ती त्यांनी खाणीतून घरी आणली होती.

ज्या हाताला हे सांगावं लागत नाही तो हात त्याच एका दिवशी कसा विसरला? त्यांनी हा प्रश्न बाजूला ठेवला. पण तो चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला.

पुढं एका सकाळी गाडी मोठ्या कड्यावर होती. मागचं एक चाक हवेत उचललं गेलेलं, दुसरं दगडाला चिकटलेलं. अंगठा बटणावर होता, रिमोटवरचा बारका दिवाही लागला होता, पण हवेतलं चाक सैरावैरा फिरत राहिलं आणि दगडावरचं हललंच नाही. लॉक ओढणारी मागची छोटी मोटर आवाज करत होती. तिची तार आकड्यातून निसटली होती, एवढंच.

हळूभाऊंनी चाप सोडायला हवा होता. त्यांनी सोडला नाही. ते बघत राहिले. एक चाक वेड्यासारखं फिरतंय, एक मेल्यासारखं, आणि दिवा लागलेला.

हे त्यांनी आधी बघितलं होतं. डाव्या आरशात. चिखलाच्या चिळकांड्या उडवणारं चाक, पुढ्यात पेटलेला पिवळा दिवा, आणि बटणावर स्वतःचं बोट, नख पांढरं पडेपर्यंत दाबलेलं. "लाग ना गं, लाग," असं ते ओरडत होते. आणि त्याच्या आदल्या दिवशी, डंपर तळाला उभा असताना, मेहुणा केबिनमध्ये येऊन बसला होता. हळूभाऊंनी तक्रार केली म्हणून त्यानंच ते बटण दोनदा दाबून बघितलं होतं आणि हसून म्हणाला होता, "दिवा तेवढा लागतो भाऊजी, बाकी सगळा आनंद आहे."

त्यांनी आता कुठं चाप सोडला. पण लगेच वाटलं, आपल्या डोक्याचा काय भरवसा? इतकी वर्षं मनात घोळवून आपणच हे रचलं नसेल कशावरून? ज्याला गॅस बंद केलेला आठवत नाही त्याच्या आठवणीला कोण विचारतो?

म्हणून ते घरात कुणाशी काही बोलले नाहीत. गाडीची तार आकड्यात बसवली आणि रविवारची वाट बघितली.

रविवारी मेहुणा नेहमीसारखा आला, किल्ल्या टेबलावर टाकल्या, बनियन हलवून वारा घालत बसला. बायको आत चहा टाकत होती. मुलगा दाढी करत होता.

"एक विचारू?" हळूभाऊ म्हणाले.

"विचारा की."

"माझ्या अपघाताच्या आदल्या दिवशी तू माझ्या केबिनमध्ये बसला होतास. लॉकचं बटण तू दाबलं होतंस. लागलं होतं का?"

मेहुण्याचा वारा घालणारा हात थांबला. "आता हे कुठून काढलंत भाऊजी?"

"लागलं होतं का, एवढं सांग."

"किती वर्षं झाली. कुणाच्या लक्षात राहतंय?"

"माझ्या राहिलं," हळूभाऊ म्हणाले. "म्हणजे राहिलं असं मला वाटतंय. खरं की खोटं ते तुलाच माहीत. मी भांडायला बसलेलो नाही रे. मला फक्त हे कळायला हवंय, की माझं डोकं ठिकाणावर आहे का नाही."

ते हे इतक्या काकुळतीला येऊन म्हणाले की मेहुण्याला वर बघवेना. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "नव्हतं लागलं."

"मेकॅनिकला सांगितलं होतं ना मी?"

"हो. मालकाच्या कानावरही घातलं होतं. पुढच्या आठवड्यात करू म्हणाले होते."

"आणि तू..."

"त्याला काही बोलू नका." आवाज दारातून आला. बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "मी सांगितलं होतं त्याला."

मुलगा अर्ध्या गालाला फेस लावलेला तसाच आतून बाहेर आला.

बायकोनं ट्रे खाली ठेवला. "तुम्ही आत होता. पाय काढत होते. मालक स्वतः आला होता दवाखान्यात, बाहेरच्या बाकड्यावर माझ्याशेजारी बसला. म्हणाला, मशीनमध्ये दोष निघाला तर खाण बंद करतील. तुमच्या भावाचं काम जाईल, एवढ्या लोकांचं जाईल, आणि तुम्हाला काही मिळायचं ते कोर्टात सडेल. उलट ड्रायव्हरची चूक निघाली तर मी पोराला उद्या कामावर घेतो. याला विचारलं, तर हा रडायलाच लागला, नाही म्हणाला. मी म्हटलं, कर. पाय तर परत येणार नव्हता."

"ताईनं सांगितलं म्हणून केलं नाही मी," मेहुणा पुटपुटला. "मलाही काम हवंच होतं. उगाच एकटीनं अंगावर घेऊ नकोस."

हळूभाऊंनी चहाचा कप बाजूला सरकवला. "बरं," ते म्हणाले. "काम वाचवलंत, ठीक. पोराचं बघितलंत, तेही ठीक. पण मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर त्याला ती नोकरी घेऊ दिली असतीत?"

हळूभाऊंनी विचार केला. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "नसती," ते म्हणाले.

"मग?"

हळूभाऊ उठले, काठी चाचपली, पुन्हा बसले. आणि मग त्यांना ती गोष्ट आठवली, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"आणि गॅस? गॅस का बघायचीस मागनं येऊन? तुला तर ठाऊक होतं ना मी विसरत नाही! रोज उठून जायचीस! माझ्या डोळ्यांदेखत!"

बायकोनं बहुधा स्वतःलाही हे कधी विचारलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मी विसरतो, मी विसरतो असं तुम्ही इतक्यांदा म्हणायचात, मलाही खरं वाटायला लागलं होतं."

मेहुणा कधी उठून गेला ते कळलं नाही. मुलगा फेस तसाच ठेवून म्हणाला, "मी उद्याच राजीनामा देतो. मला नको असली नोकरी." तो मनापासून म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं आंघोळ केली, डबा घेतला, उंबऱ्यात जरा घुटमळला. बाप कोंबड्यांकडं बघत होता, आई भिंतीकडं. कुणी जा म्हणेना, थांब म्हणेना. मग तो गेला, आणि त्यानंतर राजीनाम्याचा विषय निघाला नाही.

त्या आठवड्यात हळूभाऊ रिक्षा करून खाणीवर गेले. ऑफिसात नवा मॅनेजर होता. भला माणूस. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. "काका, तो डंपर तर केव्हाच भंगारात गेला," तो म्हणाला. "आता कशावरून सिद्ध करायचं? आणि झालं तरी काय करायचंय तुम्हाला?"

"चौकशीच्या कागदात माझी चूक लिहिलीय. ती खोडायची."

मॅनेजरनं बघतो म्हटलं. बघतो म्हणजे काय ते हळूभाऊंना कळत होतं. बाहेर येताना त्यांना लोडरजवळ मेहुणा दिसला. त्यानं त्यांना बघितलं आणि तो पाठ वळवून कुणाला तरी ओरडायला लागला.

घरी आल्यावर त्यांनी क्रॉलर उलटा करून मांडीवर घेतला. मागच्या आसाचे चार स्क्रू काढले, झाकण उघडलं. आत इवलेसे गिअर ग्रीसमध्ये बुडालेले होते. एक चाक बोटानं पुढं फिरवलं की दुसरं आपोआप मागं फिरायचं. त्यांनी रॉकेलनं सगळं ग्रीस धुऊन काढलं, वाळवलं, आणि दोन ट्यूब कालवून घट्ट होणारा लेप गिअरांच्या मधे काडीनं ठासून भरला. लॉक ओढणारी ती छोटी मोटर, तिची तार, आकडा, सगळं उपटून टाकलं. दुसऱ्या दिवशी लेप दगडासारखा झाला होता. आता एक चाक फिरवलं की दुसरं बरोबरच फिरायचं, वळण असो की चढ. बटणाचा काही संबंधच उरला नाही.

मुलानं बघितलं आणि हळहळला. "बाबा, सपाटीला वळणार नाही आता नीट. टायर खरडतील. एखाद्या दिवशी आसच तुटेल."

"तुटू दे," हळूभाऊ म्हणाले. "पण ते मला दिसेल तरी."

गाडी खरंच वळेना. अंगण ओलांडायला तिला तीनदा पुढंमागं करावं लागायचं. कड्यावर मात्र ती कधी अडली नाही.

घरातलं चाललं होतं तसं चाललं. स्वयंपाक होत होता, कपडे धुतले जात होते, औषधं वेळेवर मिळत होती. बायको आता गॅस बघायला जात नसे. चहा करून ते बाहेर आले की ती जागेवरून हलायची नाही, हात मांडीवर घट्ट धरून बसायची, आणि ते त्यांना पहिल्यापेक्षा जास्त लागायचं. दोघं बोलत होती ती कामापुरतं. मेहुण्याचे रविवार बंद झाले.

आणि मग खाण बंद पडली. ती कुठल्या चौकशीनं नाही की कुणाच्या तक्रारीनं नाही. तळाला पाणी लागलं, उपसून परवडेना, मालकानं मशिनं विकली आणि तो दुसऱ्या धंद्याला लागला. ज्यासाठी एवढं सगळं झालं होतं ते असं साध्या पाण्यात बुडालं. मुलगा घरी बसला. मेहुणाही बसला.

लांबच्या एका खाणीवरचा मोठा मुकादम हळूभाऊंच्याच हाताखाली गाडी शिकलेला होता. त्यांचा शब्द तो खाली पडू देणार नव्हता. हे मेहुण्यालाही ठाऊक होतं. तो एका दुपारी आला, दारातच उभा राहिला. खूप वाळला होता.

"भाऊजी, माझ्यासाठी नाही म्हणत मी. पोरींची शिक्षणं अर्धवट आहेत. तुम्ही एक फोन केलात तर..."

हळूभाऊंनी त्याच्या हातांकडं बघितलं. पत्रा वाकवताना फाटलेल्या तळव्यांवर अजून पांढरे व्रण होते. "करतो," ते म्हणाले. "ये, बस ना."

तो बसला नाही. बायकोनं आतून सगळं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर किती तरी महिन्यांनी काहीतरी सैल झालं.

दुसऱ्या दिवशी हळूभाऊंनी फोन केला. जुन्या आठवणी निघाल्या, हसणं झालं. मुलाचं काम चुटकीसरशी झालं. "अजून कुणी आहे का भाऊ तुमच्याकडं?" पलीकडून विचारणा झाली. "अनुभवी माणसं लागतातच मला."

हळूभाऊंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "नाही," ते म्हणाले. "एवढंच."

फोन ठेवला तशी बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "धाकट्याचं बोललात?"

"अरेच्चा," हळूभाऊ म्हणाले. "ते राहिलंच. विसरलो बघ."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी नजर चुकवली नाही. ती परत फोन करा असं म्हणाली नाही, आणि रडलीही नाही. ओला हात पदरातच धरून ती तशीच उभी राहिली, मग आत गेली. हळूभाऊंना वाटलं होतं, हे बोलताना निदान एकदा तरी तोंड गोड होईल. तसं काही झालं नाही. त्यांनी संध्याकाळपर्यंत दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला.

मेहुण्याला पुढं एका गोदामात पहाऱ्याचं काम मिळालं, बऱ्याच लांब. तो बायको-मुलींना घेऊन तिकडंच राहायला गेला. मुलगा नव्या खाणीवर आहे, सुटीला येतो, बापासाठी टायर घेऊन येतो. बायको वर्षातून एक-दोनदा भावाकडं जाऊन येते. जाताना सांगून जाते. आल्यावर तिकडचं काही सांगत नाही, आणि हळूभाऊ विचारत नाहीत.